ठिपक्याचा पेला

गल्लीच्या तोंडाशी, पत्र्याच्या छपराखाली, धाकटीचं इस्त्रीचं टेबल आहे. टेबल कसलं, जुनं दारच ते. चार पायांवर आडवं टाकलंय, वर ब्लँकेटची घडी आणि त्यावर भाजून भाजून चहाच्या रंगाची झालेली चादर. कडी होती तिथं भोक राहिलंय, त्यात पाणी शिंपडायची बाटली बरोबर उभी राहते. हे दार थोरल्या दिरानं आणून ठोकून दिलं होतं, एक अक्षर न बोलता. त्या घरानं तिच्यासाठी आपणहून केलेली ती एक गोष्ट. आणि तेही दार, आडवं पाडलेलं.

दोन जावांतली ती धाकटी. केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी धाकटीच.

सकाळी लोक कपडे टाकून जातात. ‘संध्याकाळी मिळतील ना?’ ‘मिळतील.’ एवढंच बोलणं. बाकी दिवसभर ती शर्टांशी बोलते. कॉलर आधी, मग खांदा, मग बाह्या, मग पाठ, शेवटी पुढच्या पट्ट्या, दोन बटणांच्या मधून इस्त्रीचं नाक फिरवत. ‘काय रे, परत खिशात पेन फोडलंस?’ असं ती बँकेतल्या शर्टाला विचारते. ‘बाई, बारीक झालात की,’ असं शाळेतल्या ब्लाउजला म्हणते. गल्लीतली झाडून सगळी माणसं सकाळी तिच्या हातचं कापड अंगावर चढवून बाहेर पडतात. तिच्या अंगाला कुणाचा हात लागून किती काळ लोटला, ते आठवायचं मात्र तिनं सोडून दिलंय.

महिन्यातून एका सकाळी ब्लँकेट गुंडाळून ठेवलेलं दिसतं. लोक समजतात, आज दुकान उशिरा. कुणी विचारलंच तर ती म्हणते, ‘गुडघ्याचं औषध आणायला गेले होते.’

समोरचा पंक्चरवाला मोठा थट्टेखोर. ‘मावशी, इतकी वर्षं औषध खातोय तुमचा गुडघा. गुडघा आहे का जावई?’

ती हसते आणि इस्त्रीवर पाण्याचा थेंब टाकून बघते.

जाते ती सरकारी दवाखान्यात, सात नंबरच्या खोलीत. कॉरिडॉरच्या पार टोकाला, एक्स-रेच्या पुढं, जिथं भिंतीचा रंग संपतो आणि नुसता चुना सुरू होतो. तिथं बाकावर बसलेली माणसं एकमेकांकडं बघत नाहीत. सगळ्यांच्या माना खाली. त्यामुळं धाकटी तिथल्यांना चपलांवरून ओळखते. अंगठा तुटून तारेनं बांधलेली एक आहे, एक पांढरे बूट आहेत, एक टाचेकडं झिजलेली निळी स्लीपर. एखादी जोडी एका खेपेला दिसली नाही की हिचा जीव खालीवर होतो. पुढच्या खेपेला दिसली की हायसं वाटतं. त्या निळ्या स्लीपरची मालकीण रस्त्यात समोर आली, तर हिला ओळखूही येणार नाही.

गोळ्यांची बाटली मिळाली की ती कोपऱ्यात तोंड फिरवून बाटलीत कापूस कोंबते. वाजू नये म्हणून. तिथून बाहेर पडणारं प्रत्येक माणूस हेच करतं, कुणी न शिकवता.

नवरा रंगारी होता. परगावच्या मोठ्या इमारतींची कामं घ्यायचा, महिनोन्‌महिने तिकडंच राहायचा. एकदा आला तो खोकत आला आणि मग अंथरुणावरून उठलाच नाही. औषध तेव्हाही होतं, पण ते पैसेवाल्यांचं. सरकारनं फुकट गोळ्यांची खोली उघडली ती तो गेल्यावर. त्याच्या डबड्यांतला रंगसुद्धा अजून पुरता वाळला नव्हता, एवढ्यानं चुकामूक झाली. धाकटीला उचलून नेऊन तिथं बसवलं तेव्हा हाडांवर नुसती कातडी होती. गोळ्या सुरू झाल्या, आठवडाभर आतडी पिळवटून निघाली, आणि मग एका दुपारी तिला भूक लागली. भूक लागली म्हणून ती रडली. तेवढीच भूक त्यालाही लागली असती.

त्याच दिवसांत थोरलीनं कपाटातून नेलपॉलिशची बाटली काढली होती. लग्नात कुणीतरी दिलेली, तशीच पडून राहिलेली, लालभडक. तिनं धाकटीच्या पेल्याच्या बुडाला, ताटलीच्या कडेला, चमच्याच्या दांड्याला एकेक ठिपका लावला आणि फुंकर मारून वाळवला.

‘जाऊबाई, पेल्यानं होत नाही म्हणाल्या सिस्टर.’

‘मग सिस्टरच्या घरी राहायला जातेस का?’ थोरली म्हणाली. आणि मग खालच्या आवाजात, ‘घरात पोर आहे गं माझं.’

हे म्हणताना तिचा आवाज कापला होता. धाकटीला ते शब्द आठवतात तसा तो कापरा आवाजही आठवतो, म्हणून तिला कधी धड रागावता आलं नाही.

भांडी घासताना ठिपके उडायचे. थोरली ते पुन्हा लावायची. बाटली संपली की नवी आणायची. एकदा दुकानातली पोरगी तिला म्हणाली, ‘काय मावशी, नटायचं मनात आलंय वाटतं?’ घरी येऊन हे सांगताना थोरलीला इतकं हसू फुटलं की धाकटीलाही आवरेना. दोघी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून हसल्या. मग थोरलीनं डोळे पुसले, बसकण मारली आणि हसत हसतच ठिपके लावले. दोघींची नखं मात्र कोरीच राहिली.

पुढं दीर गेला. पुतण्या शिकून लांबच्या शहरात नोकरीला लागला, संसारही तिकडंच थाटला. दोन खोल्यांत दोन बायका उरल्या. आतल्या खोलीत थोरली, बाहेरच्या खोलीत धाकटी.

मग थोरलीचं डोकं सांडायला लागलं. आधी किल्ल्या सांडल्या, मग दुधाखालचा गॅस, मग नवरा मेल्याचं. ‘हे अजून आले नाहीत,’ म्हणून दारात बसून राहायची. आता धाकटी तिला आंघोळ घालते, भरवते, तिचे केस विंचरते, ओलं झालेलं अंथरूण बदलते. दिवसा टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसवते आणि मांडीवर रुमालांचा ढीग ठेवते. थोरली घड्या घालते. संपल्या की धाकटी हळूच सगळ्या मोडून ढीग परत पुढं करते. ‘आज काम फार आहे गं,’ थोरली कुरकुरते. ‘आहे खरं,’ धाकटी म्हणते.

ठिपका थोरली पार विसरली. हाताला येईल त्या पेल्यातून पाणी पिते, धाकटीच्या ताटलीतला पाव उचलून खाते. आणि ठिपके पुसट व्हायला लागले तेव्हा धाकटीनं स्वतःच बाटली काढली आणि ते लावले. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी बघणारही नव्हतं. पण बिनठिपक्याचा पेला हातात धरला की तिला परक्याच्या घरात पाणी मागून प्यायल्यासारखं वाटायचं. शिवाय कधीकधी थोरलीचे डोळे अचानक जुन्यासारखे लख्ख व्हायचे. तेव्हा तिनं ठिपका शोधला आणि तो नसला तर?

सात नंबर बंद होणार, हे सिस्टरनं सांगितलं. गोळ्या पुढं सरकवता सरकवता, खाली बघत.

‘वरून पैसा कमी आलाय. आपली खोली मोठ्या दवाखान्याला जोडून टाकतायत. शहरातल्या.’

‘म्हणजे बसनं?’

‘बसनं. पहाटेची धरलीत तर दिवेलागणीला परत.’

‘आणि जाऊबाई?’

जाऊबाई कोण ते सिस्टरला माहीत होतं. धाकटी घरचं बोलायची ते जगात एवढ्या एकाच टेबलापाशी. थोरली सकाळी उशिरा उठायची, आजवर ती जागी व्हायच्या आत धाकटी गोळ्या घेऊन घरी पोचलेली असायची.

‘कुणालातरी बसवा एक दिवस तिच्यापाशी,’ सिस्टर म्हणाली. ‘पण गोळी चुकवायची नाही हं. काही झालं तरी.’

घरी येईपर्यंत धाकटीनं ते ‘कुणालातरी’ तोंडात घोळवलं. मनात एकेका दारापाशी जाऊन उभी राहिली आणि न ठोठावता परत फिरली. कुठं जाताय, असं दारं विचारतात.

दोन दिवसांनी पंक्चरवाल्यानं तीच बातमी मोबाइलवर मोठ्यानं वाचली. कुणाच्या तरी समारंभाला निघाला होता. अंगात धाकटीनंच इस्त्री केलेला शर्ट.

‘बरं झालं बंद करतायत. मजा मारायची यांनी आणि गोळ्यांना पैसे आपले. मावशी, तुम्हीच सांगा, आपल्याला काय फायदा त्याचा?’

मागच्या हिवाळ्यात हाच खोकून खोकून वाकला होता. थुंकी तपासायचं मशीन दवाखान्यात आलं होतं ते सात नंबरच्या पैशातून, ठेवलं होतं शेजारच्या खोलीत. तोंडाला रुमाल बांधून तो त्या खोलीबाहेर बसलेला, आणि धाकटीनं त्याला चपलांवरून ओळखून खांबाआड उभं राहून तो जायची वाट बघितली होती. दुखणं वेळेवर सापडलं, बरा झाला. आता तोंडानं ट्यूब फुगवून दाखवतो गिऱ्हाइकाला, पैज लावून.

‘बोला की, मावशी.’

‘काय बोलू? कॉलर नीट कर, मागं मुडपलीय.’

‘शर्ट छान आहे हो,’ थोरली खुर्चीतून म्हणाली. ‘कुणाकडनं इस्त्री करून घेता?’

पंक्चरवाला हसत हसत गेला. धाकटीनं इस्त्री उभी केली आणि दोन्ही हात चादरीवर टेकले.

संध्याकाळी तिनं पुतण्याला फोन लावला. औषधाला आता बसनं शहरात जावं लागणार, महिन्यातून एक दिवस येशील का, एवढंच विचारलं.

‘काकू, इथून तिथं? एका दिवसासाठी? रजा मिळायला हवी ना.’ मग जरा थांबून, ‘मी काय म्हणतो, आईला इकडच्या एका संस्थेत ठेवू. चांगली आहे. चोवीस तास नर्स असते.’

‘तुझ्या घरी नाही?’

‘घरी जागा कुठंय, काकू. आणि ही पण नोकरीला जाते.’

‘इथं मी बघते की तिला.’

‘बघतेस, मी नाही म्हणतो का? पण उद्या तू गेलीस औषधाला आणि तिनं गॅस उघडला तर? का तिच्यापायी औषध सोडणारेस?’

धाकटीच्या मनात नेमकं तेच आलं होतं.

‘काकू? अगं बोल ना.’

‘बरोबर घेऊन जाईन तिला.’

‘आईला? त्या बसमधून?’

‘एकदा बघते. नाही जमलं तर ने मग तू. मी आडवी येणार नाही.’

‘ठीक आहे,’ पुतण्या म्हणाला. ‘एकदा.’

फोन ठेवून ती आतल्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली. थोरली उशीच्या अभ्र्याची घडी घालत होती. ही गेली की या घरात ‘धाकटे’ म्हणून हाक मारणारं कुणी राहणार नव्हतं. ठिपके लावणारी का असेना, पण रंगारी खोटं बोलताना कान कसा खाजवायचा हे ठाऊक असलेली जगाच्या पाठीवर ही एकच बाई उरली होती. आणि तिलाही ते आता आठवत नव्हतं.

बसमध्ये धाकटीनं तिला खिडकीशी बसवलं आणि स्वतः बाहेरच्या बाजूला बसली, म्हणजे उठली तर अडवता येईल. पिशवीत पाव, पाण्याची बाटली, बदलायचे कपडे आणि रुमालांचा ढीग.

‘कुठं चाललोय गं?’ थोरलीनं विचारलं.

‘दवाखान्यात.’

‘कुणाला काय झालं?’

‘माझा गुडघा दुखतोय.’

‘मग तेल लाव की.’

गाव मागं पडलं, शेतं लागली. थोरलीनं बाहेर बघितलं, आत बघितलं. ‘कुठं चाललोय गं?’

‘दवाखान्यात.’

‘कुणाला काय झालं?’

‘गुडघा. माझा.’

‘त्याला दवाखाना कशाला? तेल लाव. उगाच पैसे घालवायचे.’

पुढच्या बाकावरचा माणूस खांदे हलवत हसला. ‘आजी बरोबर बोलतायत,’ मागं न वळता म्हणाला.

मग घाट लागला. माणसं पेंगायला लागली, इंजिन घरघरायला लागलं. थोरलीनं पुन्हा तेच विचारलं, अगदी नव्यानं, लहान पोरीसारखं तोंडाकडं बघत. ‘कुणाला काय झालं?’

धाकटीला काय वाटलं कुणास ठाऊक. हिला सांगितलं तरी वळणापलीकडं राहणार नाही, हे तर दिसतच होतं. ती तिच्या कानाशी वाकली आणि आजाराचं नाव घेतलं. आपल्या तोंडानं, आवाज काढून, पहिल्यांदा.

‘एचआयव्ही आहे मला, जाऊबाई. ह्यांच्यापासून आला.’

थोरलीनं तोंडावर हात घेतला. ‘अगं बाई! कधीपासून?’

‘खूप झालं आता.’

‘आणि मला कुणी बोललं नाही ते! एकटीच घेऊन बसलीस होय?’

धाकटीनं पदरानं डोळे टिपले.

‘औषध घेतेस ना?’

‘घेते.’

‘मग झालं तर. रडतेस काय?’ आणि थोरलीचा हात, घड्या घालून घालून गुळगुळीत झालेला, येऊन तिच्या मनगटावर बसला. तसाच राहिला, चांगली दोन वळणं.

मग थोरलीनं खिडकीतून खाली दरीत बघितलं, हात काढून काचेवर ठेवला. ‘कुठं चाललोय गं आपण?’

धाकटीला हाव सुटली. माणसाला सुटतेच. तिनं सगळं पुन्हा सांगितलं, त्याच शब्दांत, तेवढ्याच आवाजात, आणि हात पुढं करून वाट बघत बसली.

या खेपेला थोरलीचे डोळे लख्ख झाले. ती खिडकीकडं सरकली, काचेवरचा हात पोटाशी ओढून घेतला.

‘पेला वेगळा ठेवलास ना?’

‘ठेवलाय.’

‘ठिपका लाव त्याला. घरात पोर आहे माझं.’

‘लावलाय, जाऊबाई.’

त्यानंतर शहर येईपर्यंत थोरलीनं जेवढ्यांदा विचारलं, तेवढ्यांदा धाकटी म्हणाली, गुडघा.

दवाखाना म्हणजे हे भलंथोरलं. लिफ्ट, जिने, फरशीवर रंगीत पट्टे. पिवळ्या पट्ट्यावरून चालत जा, असं वॉचमन म्हणाला. मोठ्या हॉलमध्ये जमिनीत बोल्ट मारलेल्या खुर्च्यांच्या रांगा होत्या आणि खालच्या मानांची माणसं. अनोळखी चपलाच चपला. त्यात तिला टाचेकडं झिजलेली निळी स्लीपर दिसली आणि ओळखीचं घर लागल्यासारखं झालं.

काचेमागच्या तरुणानं दोघींकडं बघितलं. ‘लाभार्थी कोण?’

थोरलीनं शाळेतल्यासारखा हात वर केला.

‘मी आहे,’ धाकटी घाईनं म्हणाली.

‘मग यांनी हात का वर केला?’

‘आम्ही दोघी,’ थोरली म्हणाली.

‘आजी, लाभार्थी एकच असतो.’

‘असं कसं? एवढ्या लांबून दोघी आलोय, आणि एकीलाच?’

रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणी. धाकटीनं वळून बघितलं तर रांगेतल्या माना वर आल्या होत्या. एवढी तोंडं तिनं असल्या रांगेत आजवर बघितली नव्हती. निळ्या स्लीपरच्या मालकिणीच्या गालावर मोठा तीळ होता.

रक्त द्यायला आत बोलावलं तेव्हा दारातली बाई म्हणाली, नातेवाईक बाहेर. धाकटीनं थोरलीला दाराजवळच्या खुर्चीत बसवलं, मांडीवर रुमालांचा ढीग दिला. ‘एवढ्या घड्या करा. मी आलेच.’

‘आज फार काम आहे गं,’ थोरली म्हणाली.

आत वेळ लागला. शीर सापडेना. तिचा जीव सगळा दाराकडं. दंडावर कापसाचा बोळा दाबून ती बाहेर आली तर खुर्ची रिकामी. रुमाल फरशीवर, पिवळ्या पट्ट्यावर, एकामागं एक पडलेले.

ती जिन्यापर्यंत धावली. खाली बघितलं, माणसंच माणसं. लिफ्ट उघडली, मिटली. खाली फाटक होतं, फाटकापलीकडं रस्ता, रस्त्यावर गाड्यांची झुंबड. ‘एकदा,’ पुतण्या म्हणाला होता. ती परत हॉलमध्ये आली आणि ज्या माणसांत ती आजवर खाकरलीसुद्धा नव्हती, त्यांच्यामध्ये उभी राहून गळ्याच्या शिरा ताणून ओरडली, ‘जाऊबाई! अहो जाऊबाई!’

निळ्या स्लीपरची बाई उठली. ‘त्या खांबामागं बघा. आत्ता कुणीतरी म्हातारी गेली तिकडं.’

खांबामागच्या शेवटच्या रांगेत एक तरुण मुलगी बसली होती. तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला, पायांत नवेकोरे सँडल. शेजारी थोरली. मुलीच्या स्कार्फचं टोक मांडीवर घेऊन त्याची घडी घालत होती.

‘औषध घेतेस ना?’ थोरली म्हणत होती. ‘मग झालं तर. रडतेस काय?’

तेच शब्द. तीच चाल.

‘आज पहिलीच वेळ आहे, आजी,’ मुलगी म्हणाली.

धाकटी खांबाला धरून उभी राहिली. ओरडावं की रडावं ते कळेना, आणि तोंडातून आलं ते तिसरंच. ‘पहिले काही दिवस मळमळेल तुला. डोकं गरगरेल. पण मग भूक लागेल. भूक लागली की समज.’

मुलीनं वर बघितलं. स्कार्फमधून नुसते डोळे दिसत होते. ‘या कोण तुमच्या?’

‘माझी जाऊ.’

‘यांना माहीत आहे सगळं? घरी?’

‘अधूनमधून,’ धाकटी म्हणाली.

परतीच्या बसमध्ये थोरली तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. धाकटी खांदा अवघडला तरी हलली नाही.

दिवे लागले होते. दार उघडतायत तोच फोन वाजला.

‘कशी झाली फेरी, काकू?’

‘झाली.’

‘काही त्रास?’

खोटं बोलणं सोपं होतं. ‘दवाखान्यात मध्येच कुठं तरी निघून गेली. लगेच सापडली,’ ती म्हणाली.

पुतण्या म्हणाला, ‘दे आईला.’

थोरलीनं फोन उलटा धरला, धाकटीनं सुलटा केला.

‘आई, मी गं. कुठं गेली होतीस?’

‘दवाखान्यात गेलो होतो.’

‘काय झालंय तुला?’

‘मला कुठलं काय होतंय? धाकटीला औषध लागतं. तिला एकटीला जमत नाही रे. घाबरते ती.’ थोरलीनं फोनवर हात ठेवून, पण चांगलं मोठ्यानं, म्हटलं, ‘मध्येच कुठं गेली होती कुणास ठाऊक. नुसती ओरडत सुटली मला शोधत. पुढच्या वेळेलाही मलाच जावं लागणार.’

धाकटी भिंतीकडं तोंड करून उभी होती. फोनमधून पुतण्याचा आवाज आला, जरा जाडसर झालेला. ‘बरं आई. जा तूच.’ मग धाकटीला म्हणाला, ‘काकू, पुढच्या महिन्यात जाऊन या. त्याच्यानंतरचं मग बघू.’

‘बघू,’ धाकटी म्हणाली. महिनाभराचं मिळालं होतं. गोळ्याही तेवढ्याच मिळतात.

जेवणं झाल्यावर भांडी घासताना तिच्या लक्षात आलं, पेल्याच्या बुडाचा ठिपका उडालाय. तिनं हात पुसले, फळीवरची बाटली काढली, तळव्यांत घोळवली. झाकण फिरवलं तसा वास सुटला. पेला पालथा करून ती ब्रश टेकवणार, एवढ्यात शेजारी हात आला. थोरलीनं पाचही बोटं पसरून हात पुढं धरला होता.

‘मला लाव.’

‘तुम्हाला?’

‘मग काय, पेल्याला लावणारेस?’

धाकटीनं तिचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला. अंगठ्यापासून सुरुवात केली. रंग नखाबाहेर जात होता, आणि ती तो आपल्या बोटानं पुसत होती. रंगाऱ्याची बायको असून रंगाचं काम तिला कधी आलं नव्हतं. चार नखं झाली आणि ब्रश कोरडा निघाला. बाटली उलटी धरून आपटली, पाण्याचे दोन थेंब टाकून बघितले. संपली.

‘ही राहिली,’ थोरलीनं करंगळी वर केली.

‘उद्या नवी आणते.’

‘लालच आण.’ तिनं हात लांब धरून बघितला, जवळ आणून बघितला. पोरीसारखी खूश झाली. मग धाकटीकडं बघून म्हणाली, ‘हात चांगला आहे तुझा. कुणाची गं तू?’

धाकटीनं बाटलीचं झाकण लावलं. घट्ट, जसा काही आत अजून रंग असावा.

‘इथलीच,’ ती म्हणाली.

थोरलीला झोपवलं, रंग लागू नये म्हणून तिचा हात पांघरुणाबाहेर ठेवला. मग तिनं चहा टाकला. दोन्ही पेले मांडणीत पालथे होते. बुडाकडून बघितलं, दिव्यासमोर धरून बघितलं. कुठला कुणाचा ते काही कळेना. थोडा वेळ ती दोन हातांत दोन पेले घेऊन तशीच उभी राहिली. मग एकात चहा ओतला आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसली.

दाराबाहेर पावलं वाजली. कुणीतरी उद्याच्या कपड्यांचं गाठोडं पायरीवर ठेवलं आणि हाक न मारता निघून गेलं. चहा संपेपर्यंत तिनं ते आत घेतलं नाही.